फोटोच्या कडा

खिसा कोणता, हा माझा पहिला प्रश्न असतो.

प्रवासात खिशात मावेल असा कॅमेरा दाखवा, असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कॅमेरा असतो, खिसा नसतो. खिसा आधी पाहावा लागतो. शर्टाच्या वरच्या खिशातला कॅमेरा माणूस पाया पडायला वाकला की खाली येतो. माहूरला जाऊन आलेल्यांपैकी कितीतरी जण फुटलेल्या काचा घेऊन माझ्याकडे आले आहेत. पँटच्या खिशात ठेवला तर जीपमध्ये दाटीवाटीनं बसताना मागचा पडदा दबतो. जाकिटाचा खिसा सगळ्यात चांगला, पण आमच्याकडे जाकीट घालण्याचे दिवस वर्षातून मोजकेच.

नांदेडच्या वजिराबादेत माझं कॅमेऱ्याचं दुकान आहे. त्याआधी बावीस वर्षं वर्तमानपत्रात गेली, पहिली आठ लातूरला, उरलेली नांदेडला. उपसंपादक म्हणून लागलो, पुढे फोटोंची निवड आणि मांडणी माझ्या टेबलावर आली. त्या टेबलावर दोन सवयी लागल्या. पहिली, फोटोतली बातमी मधे आणायची. कडेला जे येतं, कुणाचा कोपर, अर्धी मोटारसायकल, मंडपाचा बांबू, ते कापून टाकायचं. दुसरी, चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी खुलासा छापायचा. नोकरी सोडताना या दोन्ही सवयी मी दुकानात घेऊन आलो. इथे लिहितो आहे ते त्यांच्याबद्दलच.

मोबाईल आल्यावर छोटे कॅमेरे संपले असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही धरलं होतं. उरलेला माल ड्रॉवरमध्ये टाकून मी लग्नवाल्यांच्या मोठ्या कॅमेऱ्यांवर दुकान चालवत होतो. मग दोनेक वर्षांपूर्वी एका दुपारी लातूरला शिकणाऱ्या दोन मुली आल्या.

"काका, जुना डिजीकॅम आहे का?"

"नवा आहे. हा बघा, चित्र एकदम स्वच्छ येतं."

"स्वच्छ नको. थोडं धुरकट येतं ना, तो."

"धुरकट कशाला?"

"आठवणीसारखं वाटतं, काका."

बोलणारीचं वय एकोणीस-वीस असेल. कशाची आठवण, ते मी विचारलं नाही. ड्रॉवरमधला एक कॅमेरा काढून नवी बॅटरी घालून दिला. तिनं दुकानातच मैत्रिणीचा फोटो काढला. दोघी त्या बोटभर पडद्यावर वाकल्या. दोन मिनिटांपूर्वीची ती मैत्रीण पडद्यावर फार वर्षांपूर्वीची दिसत होती.

त्या दिवसापासून ड्रॉवर पुन्हा उघडला.

कॅमेरा निवडणं तसं अवघड नाही. मेगापिक्सेलचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण तो नुसती दाण्यांची संख्या सांगतो. दाणा भरीव आहे की पोचट, ते आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीच्या आकारावर ठरतं. चकती मोठी असेल तेवढं चांगलं. झूम दोन प्रकारचा. एकात काच पुढे सरकते आणि लांबचं खरोखर जवळ येतं. दुसऱ्यात आहे तेच चित्र ताणलं जातं. दुसऱ्याचे पैसे देऊ नयेत. आमच्या उन्हात मागचा पडदा काळा दिसतो, म्हणून डोळा लावून बघायचं भोक असेल तर ते सोन्यासारखं. एक जास्तीची बॅटरी. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन लहान कार्डं.

एवढं सांगितलं की माझं काम संपायला हवं. ते संपत नाही, कारण माणूस कॅमेरा घेऊन जातो आणि परत येतो.

देगलूरच्या एका अडत व्यापाऱ्यांना मी असाच एक कॅमेरा दिला होता. त्यांचा खिसा होता बंडीचा, सदऱ्याच्या आतला, छातीला चिकटलेला. "चोराचा बाप आला तरी हात घालू शकत न्हाई," असं म्हणून त्यांनी बंडीवर थाप मारली. काश्मीरला गेले, महिन्यानं फोटो छापून घ्यायला आले. प्रत्येक फोटोत पांढरट, मऊ, विरघळल्यासारखं दिसत होतं. डोंगर नाही, नुसता डोंगराचा भास. बायको शिकारा होडीत बसलेली, पण जणू झोपेत पाहिलेली.

"धुकं बघा, धुकं," ते म्हणाले. "लई धुकं होतं तिकडं. आडतीवर सगळ्यांला दाखवलं. म्हणले, ह्याला म्हणतेत काश्मीर."

मी खुलासा केला. धुकं काश्मीरचं नव्हतं. बंडीतल्या घामाची वाफ काचेवर धरली होती. पुढच्या वेळी कापडी पिशवीत ठेवा, काढल्यावर दोन मिनिटं थांबा, काच पुसा.

त्यांनी फोटो गोळा केले. "म्हंजे माझाच घाम व्हय," म्हणाले. फोटो घेऊन गेले. नंतर दोनदा आले, काश्मीरचं नाव काढलं नाही. मी दिलेली माहिती शंभर टक्के बरोबर होती.

सोनकांबळे सिस्टर आल्या त्या यानंतर वर्षभरानं. मुखेड तालुक्यात गावोगाव लसी देत त्यांनी नोकरी केली, निवृत्त झाल्या, तरी सगळे सिस्टरच म्हणतात. मुखेडच्या बायांचा एक गट बोधगया, सारनाथ, कुशीनगरच्या यात्रेला निघाला होता. आधी जाऊन आलेल्या बायांनी सांगितलं होतं की गयेला विहाराच्या आत मोबाईल नेऊ देत नाहीत, कॅमेरा चालतो.

"खिसा कोणता, सिस्टर?"

"साडीला कुठला आलाय खिसा, भाऊ? ही हाय की चंची." त्यांनी पदर सारून कमरेची कापडी पिशवी दाखवली, दोन कप्प्यांची, नाडीनं आवळायची. "नोकरीभर हीच होती. हिच्यात मावंल ते द्या."

मी एकेक कॅमेरा देत गेलो, त्या चंचीत घालून पाहत गेल्या. तीन-चार अडकले. मग त्यांनी असं काही विचारलं, जे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"ह्यात बाजूचं किती येतंय?"

"म्हणजे?"

"समोरचं तर सगळेच काढतेत. कडंचं किती येतंय?"

रुंद काचेचा कॅमेरा हवा, असा मी अर्थ लावला. तसा एक होता, चपटा, काळा, बटणं मोठी. तो चंचीत बसला. नाडी आवळता आवळता त्यांनी घरचं सांगितलं. मालक एसटीत ड्रायव्हर होते, मुखेड डेपोला. यात्रेला दोघांचं नाव दिलेलं होतं. मग मालकांनी आपलं काढून घेतलं.

"डोळ्याचं मधलं गेलंय त्यांच्या," त्या म्हणाल्या. "लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं, पडद्याचा मधला भाग वाळून राहिलाय. समोर बघितलं की समोरचंच दिसत न्हाई. गर्दीत मी कुणाच्या बी मागं जाईन म्हणतेत, तू एकटी जा. एक चांगला मोबाईल हाय घरात, तो त्यांच्यापाशीच ठेवते. वाचून दाखवतोय त्यांना. मी बघून येते, अन् येऊन दाखवते. औंदा हाय तेवढं तरी दिसू दे त्यांना. फुडलं डॉक्टर बी सांगंना."

मी पावतीच्या मागे टिपण केलं: नजर कमी. मोठे प्रिंट. बावीस वर्षं बातम्यांत घालवलेल्या माणसाचं ते टिपण होतं, आणि त्यात बातमी सुटली होती.

नवा कॅमेरा घेतल्यावर पहिला फोटो दुकानाच्या उंबऱ्यावरून काढायचा, अशी माझ्याकडे पद्धत आहे. कॅमेरा हातात बसतो का ते कळतं. पुरुष बहुतेक स्वतःच्या मोटारसायकलचा काढतात. सिस्टरनी समोरच्या लिंबाच्या झाडाचा काढला. झाड पार डावीकडे, उजवीकडे चहाचा गाडा, आणि मधे रिकामा रस्ता, त्यावर दुपारचं ऊन.

"सिस्टर, झाड मधे घ्या."

"असू द्या," त्या म्हणाल्या.

यात्रेहून त्या परतल्या तेव्हा कार्डावर चारशे बारा फोटो होते. त्यातले चाळीस त्यांनी कागदावर क्रमांक लिहून आणले होते. "मोठ्यात मोठे काढा," म्हणाल्या, "अन् हाय तसे."

रविवारी दुकान बंद असतं. दुपारी एकटा बसून मी सगळे फोटो संगणकावर उतरवून पाहिले. बाहेर रस्ता निजलेला होता, आत पंखा आणि पडद्यावर एकामागून एक चित्र. चारशे बारांपैकी एकाही फोटोत सिस्टर नव्हत्या. एकाही फोटोच्या मधोमध काही नव्हतं. डावीकडे स्तूप, उजवीकडे झाडांची रांग, मधे आभाळ. डावीकडे भिक्खू, उजवीकडे पायऱ्या, मधे ऊन पडलेली फरशी. नदीच्या फोटोत दोन्ही काठ होते आणि मधे नुसतं पाणी. पाहता पाहता असं वाटू लागलं की कुणीतरी मधून उठून गेलं आहे आणि बाकीचे त्याची जागा धरून बसले आहेत.

तिथे थांबायला हवं होतं. त्याऐवजी जुना हात जागा झाला. बाईंना फोटो काढता येत नाही, पण तसं म्हणायला त्या लाजतात, म्हणून "हाय तसे" म्हणाल्या, असं मी ठरवलं. चाळीसच्या चाळीस फोटो कापले. स्तूप मधे आणला, भिक्खू मधे आणले, रिकामं सगळं काढून टाकलं. वर्तमानपत्रात जागेची टंचाई असायची, मूळ फोटो ठेवत नसू, कापलेलाच त्याच नावानं जतन करायचो. तसंच केलं. बाकीचे संगणकावर तसेच राहिले. कार्ड रिकामं करून सिस्टरांच्या पाकिटात घातलं, कारण गिऱ्हाइकाला कार्ड रिकामं करून देणं ही चांगल्या दुकानाची खूण मानतात. ते पाकीट त्यांचा भाचा सोमवारी घेऊन गेला. प्रिंट सुरेख आले. मी खूश होतो.

गुरुवारी सिस्टर मालकांना घेऊन प्रिंट घ्यायला आल्या. उंच माणूस, पांढरा सदरा. दारातून शिरताना चौकटीला कुठेही लागले नाहीत. मी समोर उभा होतो, ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "जयभीम, साहेब." घड्याळाकडे बघितलं की मी दिसत होतो, हे मला थोड्या वेळानं कळलं.

खुर्चीवर बसून त्यांनी पहिला प्रिंट दोन्ही हातांत धरला. नजर बरोबर मधे लावली आणि हलवली नाही.

"आभाळ हाय," ते म्हणाले. दुसरा घेतला. "ह्यात बी आभाळच हाय." तिसरा. "सिस्टर, तू यात्रेला गेल्तीस का इमानात बसली होतीस?"

"नीट बघा की."

"नीटच बघून राहिलोय. कडंला आभाळ हाय. मधलं मला कुठं दिसतंय?"

सिस्टरनी प्रिंट हातातून घेतला.  मग काउंटरवर ठेवून त्याच्या बाजूवरून बोट फिरवलं.

"भाऊ, ह्याच्या कडा कुठं गेल्या?"

"कापल्या. मधे येत नव्हतं म्हणून…"

"मधी आणायचंच नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मधी ह्यांना दिसतच न्हाई. म्हणून समदं कडंला घेतलं, दोन्ही बाजूला. घरी बी मी ह्यांच्या म्होरं बसत न्हाई, बाजूला बसते. पंधरा दिवस त्या बाया हसून राहिल्या मला, म्हणल्या, सिस्टरला फोटोच काढता येत न्हाई. हसू दिलं. तुम्हाला सांगितलं होतं ना, हाय तसे?"

सांगितलं होतं. डोळ्याचं मधलं गेलंय, हेही सांगितलं होतं. कडेचं किती येतंय, हेही विचारलं होतं. तिन्ही गोष्टी मी ऐकल्या होत्या आणि एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या.

"मूळ फोटो लावा," मालक म्हणाले.

त्या चाळीसांचे मूळ फोटो नव्हते. ते सांगायला मला बरोबर एक वाक्य लागलं, आणि तेवढं अवघड वाक्य मी कुठल्या मथळ्यातही लिहिलेलं नाही.

एक आशा होती. कार्डावरचा फोटो पुसला की लगेच नाहीसा होत नाही. त्याचं नाव यादीतून जातं, चित्र तिथंच पडून राहतं, त्या जागेवर नवा फोटो येईपर्यंत. "सिस्टर, कार्ड परत मिळाल्यावर किती फोटो काढले?"

"नातवाचे काढले की. सात-आठ असतील."

"सात-आठच?"

"लईच हलत होता म्हणून. न्हाईतर अजून काढले असते."

कार्ड कॅमेऱ्यात होतं, कॅमेरा चंचीत होता. पुसलेलं शोधून काढणारा प्रोग्राम लावला. त्याला वेळ लागतो. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत राहते, एवढंच दिसतं. मी चहा मागवला. दोघं शेजारी शेजारी बसले होते, समोरासमोर नाही. दुकानाच्या काचेतून तिरपं ऊन आत आलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती.

"डायवर माणूस आरशावर जगतोय, साहेब," मालक घड्याळाकडे बघत मला सांगू लागले. "म्होरं काय, रस्ता असतोच. खरी गंमत कडंला. तीस साल मुखेड-देगलूर, मुखेड-नांदेड केलं. बांधावर कुणी बसलेलं असायचं, कुठं लगीन असायचं, कुठं पोरगं शेळीमागं पळत असायचं. बघावं वाटायचं. पण म्होरून नजर काढली की पन्नास माणसं खड्ड्यात. तवा ठरवलं होतं, रिटायर झाल्यावर कडंचं बघू." ते हसले. "आता तेवढंच ठेवलंय."

"तुमचं आपलं कायबी," सिस्टर म्हणाल्या. "चहा घ्या. डाव्या हाताला हाय."

"दिसला मला. चहा दिसतोय," मालक सिस्टरकडे तोंड करून म्हणाले. "तूच दिसंना, कुठं बसलीस?"

"बाजूलाच हाय."

पट्टी शेवटाला पोचली. चाळीसपैकी तेहेतीस परत आले. सात गेले होते, त्यांच्या जागी नातू हलत होता. गेलेल्यांत गयेचं पिंपळाचं झाड होतं, त्याचा दुसरा फोटोच नव्हता. सिस्टरनी यादी दोनदा तपासली आणि मालकांना सांगितलं.

"झाड न्हाई आलं?"

"न्हाई."

 सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला पाहण्यापेक्षा जड गेलं.

"असू दे," मालक म्हणाले. "त्याची पानं आणलीस ना? हातात धरून बघंन." मग माझ्याकडे, म्हणजे घड्याळाकडे, हात केला. "लावा साहेब, राहिलेले लावा."

दुकानात गिऱ्हाइकांना फोटो दाखवायला एक मोठा टीव्ही आहे. त्याच्यासमोर खुर्ची ओढून दिली. सारनाथचा फोटो लावला. डाव्या कडेला स्तूप, उजव्या कडेला पांढऱ्या साड्यांतल्या बाया गवतावर बसलेल्या, मधे कापलेलं हिरवं गवत आणि त्यावर मोकळं आभाळ.

मालकांनी नजर मधोमध लावली.  मग त्यांचा डावा हात हळूच वर आला.

"थूप," ते म्हणाले. "हा थूप हाय. केवढा हाय गं. विटा दिसून राहिल्यात." उजवा हात वर आला. "अन् ह्या बाया बसल्यात. ती पार कडंची, ती पवारीण हाय का?"

"हाव, पवारीणच."

"जाड झाली." ते हसले. मग दोन्ही हात तसेच पसरून, मधल्या जागेकडे बघत म्हणाले, "अन् मधी तू उभी हायेस."

सिस्टरनी टीव्हीकडे पाहिलं. मीही पाहिलं. मधे गवत होतं, आभाळ होतं, आणि लांबवर एक पक्षी, धुळीच्या कणाएवढा.

"म्हणूनच मधलं मोकळं सोडलंय न्हवं?" ते म्हणाले. "दुसरं कोण असणार तिथं."

माझा हात माउसवर होता. छापलेल्या ओळीत चूक दिसली की तो हात आपोआप हलतो, बावीस वर्षांची सवय आहे. देगलूरचं धुकं त्याच हातानं पुसलं होतं.

"हाव," सिस्टर म्हणाल्या. "मीच हाय."

"कोणती साडी?"

"पांढरी. तुम्ही औंदा घेतलेली."

"चांगली दिसतीया," ते म्हणाले.

सिस्टरनी पदर नीट केला, जसा फोटो काढताना करतात, आणि मला मानेनं खुणावलं. मी पुढचा फोटो लावला. नदी, दोन काठ, मधे पाणी.

"हितं बी?"

"हितं बी."